पट्टी कोणाची, गळा कोणाचा?

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार. आणि २०२३ च्या शिवजयंतीपासून राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले राज्यगीत. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. बाकीची गाणी धरली तरी सारे काही मिनिटांत आटोपते. आमच्या देवळाली प्रवरासारख्या गावातल्या बहुतेक मुलांना शाळेत मिळणारे संगीत एवढेच. ते रोज मिळते, वर्षानुवर्षे मिळते. पण ते कोणी शिकवत नाही. मुलांकडून ते म्हणवून घेतले जाते.

शिकवणे आणि म्हणवून घेणे यांत किती अंतर आहे, हे पाहण्यासाठी राष्ट्रगीताचीच चाल पेटीवर वाजवून पाहावी. ती खाली मंद्र सप्तकातल्या निषादाला स्पर्श करते आणि वर तार षड्जापर्यंत जाते. म्हणजे एक पूर्ण सप्तक आणि शिवाय खालचा एक स्वर. मोठ्या माणसाला हा पल्ला अवघड नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला सहज गाता येण्याजोगा पल्ला मात्र पाच-सहा स्वरांचाच असतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून पांढरी सहापर्यंत. वय वाढते तसा तो दोन्ही अंगांनी वाढतो आणि चौथी-पाचवीच्या सुमारास सप्तकभर होतो.

आता पट्टीचा विचार करू. गुरुजी पुरुष असतील तर ते आपल्या गळ्याला सोयीची काळी एक किंवा काळी दोन धरतात. त्यांचा षड्ज मुलांच्या आवाजाच्या एक सप्तक खाली असतो. तो वरच्या सप्तकात उचलून घेण्याचे काम सहा वर्षांच्या मुलाने मनातल्या मनात करायचे असते. ते साधले, तरी शेवटाकडच्या जयघोषाला चाल मुलाच्या सोयीच्या पल्ल्याबाहेर जाते आणि सगळा वर्ग ओरडू लागतो. बाई असतील आणि त्यांनी काळी चार धरली, तर उलटे होते. वरचा भाग नीट येतो, पण सुरुवातीच्या ओळी इतक्या खाली जातात की मुले त्या गात नाहीत, पुटपुटतात. दोन्ही वेळा दोष मुलांच्या गळ्याचा नाही, पट्टीचा आहे. हेच गाणे काळी पाच किंवा पांढरी एकमध्ये घेतले तर दोन्ही टोके बरीचशी आवाक्यात येतात. एवढ्यासाठी कोणी संगीत विशारद असावे लागत नाही.

निकाल मात्र मुलांच्या विरुद्ध लागतो. स्नेहसंमेलनासाठी चार ‘गोड गळ्याची’ मुले निवडली जातात आणि उरलेल्यांना सांगितले जाते, ‘तू नुसते ओठ हलव.’ आपल्या ओळखीतली किती माणसे म्हणतात, ‘आपल्याला काही गाता येत नाही’! त्यांना विचारले तर पुष्कळदा असाच एखादा प्रसंग निघतो, आणि तो बहुधा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतला असतो. गणितात कच्च्या मुलाला आपण गणिताच्या तासाला बाहेर बसवत नाही. गाण्यात मात्र ज्याला शिकवण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच पहिल्यांदा गप्प करतो.

संगीत ही वर्गात, पुस्तकावरून, सर्वांना शिकवण्याची गोष्ट आहे हा विचार आपल्याकडे नवा नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू केली, स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि क्रमिक पुस्तके लिहिली. पुढे ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांच्या बंद दारांतून गाणे बाहेर आणले. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्येच, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही आपल्या तालुक्या-तालुक्यांतली मुले देतात. हे उपकार थोडे नाहीत. पण ही शिडी ज्याने गाणे शिकायचे ठरवले आहे त्याच्यासाठी आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाने गावे, हा प्रश्न वेगळा होता.

तो प्रश्न वर्ध्याला पुढे आला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा सात वर्षांचा आराखडा तयार केला. त्यात हस्तोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या बरोबरीने संगीताला जागा होती. गांधीजींना त्याचे महत्त्व आश्रमातल्या अनुभवाने पटले होते. पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला आश्रमवासीयांना गायला शिकवत होते. म्हणजे संगीत हा चैनीचा नव्हे, तर पायाभूत विषय आहे, हे स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधी कागदावर आले होते.

आज कागदावर काय आहे? कला शिक्षणात चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य, नाट्य असे सगळे एकत्र आहे. तरतूद पाहिली की खरी गोष्ट कळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पण तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तिथे शंभराहून अधिक मुले असतील तर. पहिली ते पाचवीसाठी असा कोणी नाही. साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक, आणि सारे विषय त्या दोघांनीच शिकवायचे. तेव्हा खेड्यातल्या शाळेत पेटी वाजवणारे संगीतशिक्षक येतील, मग गाणे सुरू होईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. जे करायचे ते वर्गशिक्षकानेच.

त्याला ते जमेल का? हंगेरीचा अनुभव सांगतो की जमू शकते. तिथला संगीतकार झोल्तान कोदाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला मित्र बेला बार्तोक याच्यासारखाच खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करत हिंडला. त्या गीतांवरून त्याच्या लक्षात आले की मुलांचे संगीतशिक्षण वाद्यापासून नव्हे, गळ्यापासून सुरू झाले पाहिजे. आणि गळ्यासाठी गाणी हवीत ती मातृभाषेतली, खेळातली, थोड्या स्वरांची. आधी दोन स्वरांची हाक, मग तीन, मग पाच. स्वरांची नावे कान तयार झाल्यावर. त्याच्या जन्मगावी, केचकेमेटला, १९५० मध्ये रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली आणि मग ही पद्धत देशभर व देशाबाहेर पसरली.

कोदायला जे शोधत हिंडावे लागले, ते आपल्या अंगणात पडलेले आहे. जात्यावरची ओवी साधारण चार-पाच स्वरांत फिरते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून सुमारे एक लाख ओव्या जमवल्या. गळ्यावर ताण न येता तासन् तास गाण्याची ही बायकांची रीत होती. हस्ताच्या पावसात म्हटली जाणारी हादगा-भोंडल्याची गाणी अशीच आहेत. स्वर थोडे, ओळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या, प्रत्येक फेरीला एखादा शब्द बदलणारा, आणि पाय ठेक्यात चालणारे. संगीत शिकवणाऱ्याने बसून पहिलीचा पाठ बेतावा, तर तो याहून चांगला बेतता येणार नाही.

प्रवरेच्या खोऱ्यात आणखी एक शाळा आहे, ती भिंतींशिवायची. याच नदीकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह इथल्या गावोगाव होतो. गोदाकाठच्या सरला बेटाचा सप्ताह तर सगळ्या पंचक्रोशीचा. संध्याकाळी हरिपाठाला टाळकऱ्यांची रांग उभी राहते आणि टोकाला सात-आठ वर्षांचे पोर गळ्यात टाळ अडकवून पावली टाकत असते. त्याला कोणी चाचणी घेऊन उभे केलेले नसते. ते चुकले तरी कोणी थांबवत नाही. शेजारच्याकडे पाहत पाहत ते सुधारते. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे पुढचे रीतसर शिक्षण मिळते. पण पायरी ही गावातली. मात्र एक मर्यादा ओळखली पाहिजे. इथे पखवाज, टाळ आणि ध्वनिवर्धक यांच्यावर आवाज चढवावा लागतो. त्यामुळे लय पक्की होते, सूर पक्का होईलच असे नाही. तिथे मिळालेली लय घेऊन सूर लावणे, हे काम शाळेचे.

आपली चाल असली की माणसे गातात, याचा दाखला आमच्याच तालुक्यात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार काही काळ राहुरीला होता. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना ते ठाऊक आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीत भाषांतरित गीते पाश्चात्त्य चालींवर म्हणण्याचा प्रघात होता. टिळकांनी ओवी-अभंगांच्या वळणाची भजने लिहिली आणि ती मंडळीने आपलीशी केली. वर्गालाही हाच न्याय लागू आहे. स्नेहसंमेलनात दीड सप्तकाचे चित्रपटगीत ध्वनिवर्धकावर लावून त्यावर मुलांना नाचवता येते. गाववता येत नाही.

मग रोजच्या दहा मिनिटांत काय करावे? पहिली गोष्ट हाक. भाजीवाला, भांडीवाला, अंगणातून आईला हाक मारणारे मूल, सगळ्यांची हाक दोन स्वरांत उतरते. बहुधा पंचमावरून गंधारावर. हजेरी घेताना नाव तसे गाऊन घ्यावे आणि मुलाने ‘हजर’ तसेच गाऊन द्यावे. बोलण्याचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा, हे मुलाला यातून उमगते. प्रत्येक मूल रोज एकदा एकटे गाते, आणि त्याला परीक्षेचे भय नसते. दुसरी गोष्ट ठेका: केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा चालून, टाळी वाजवून अंगात उतरवाव्यात. तिसरी गोष्ट, षड्ज ते पंचम एवढ्यातच फिरणारी गाणी घ्यावीत आणि षड्ज पांढरी दोनच्या आसपास ठेवावा. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा पुरतो.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी. शिक्षक गाताना मुलांनी ऐकावे आणि मुले गाताना शिक्षकाने ऐकावे. दोघे एकदम गायले तर कोण कुठे आहे ते कळतच नाही. गुरुजींचा आवाज खर्जातला असेल, तर ओळ सांगायला सुरेल गाणाऱ्या एखाद्या मुलीला पुढे करावे. मुलांना मुलांचा आवाज लवकर पकडता येतो. सारेगम तिसरीपर्यंत थांबले तरी बिघडत नाही. आधी बोलणे, मग अक्षरे, हा क्रम भाषेला आहे तोच गाण्यालाही आहे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील, तेव्हा आमच्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू होत असेल. पाथर्डीकडून, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतील आणि त्यांची मुले मिळेल त्या शाळेत काही महिने बसतील. त्यांचे पुस्तक निम्मे मागे राहिलेले असते, गणित तुटलेले असते. पण आजीच्या ओवीची चाल ती बरोबर घेऊन आलेली असतात. वर्गात पहिल्या दिवशी इतरांच्या बरोबरीने उभे राहता येईल, असे त्यांच्याजवळ तेवढेच असते. त्या मुलाला आपण ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणायचे, की त्याची पट्टी शोधून द्यायची, एवढाच हा प्रश्न आहे. पट्टी शोधायला राष्ट्रगीतापेक्षा जास्त वेळ लागत नाही.