वेठीचे गणगोत

मराठी शिकविणाऱ्या माणसाला वर्तमानपत्र सरळ वाचता येत नाही. बातमी राहते बाजूला आणि शब्दच वाट अडवून उभा राहतो. एसटीचा संप झाला की मथळा ठरलेला: प्रवाशांना वेठीस धरले! आता गंमत पाहा. वेठ म्हणजे सरकारने किंवा धन्याने मजुरी न देता, सक्तीने करवून घेतलेले काम. ती राबणाऱ्याच्या वाट्याची. आज तोच राबणारा हात आखडून बसला, तर वेठीस धरल्याचा आरोप त्याच्यावर!

शब्द काही आजकालचा नव्हे. संस्कृतात तो 'विष्टि'. इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामन क्षत्रपाचा जुनागडचा शिलालेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेवर कर वा विष्टि न लादता बांधला, अशी फुशारकी त्यात राजाने मारली आहे. न लादल्याची फुशारकी मारावीशी वाटली, त्या अर्थी लादण्याची वहिवाट असणारच. विष्टीची मराठीत वेठ झाली. तेलुगूतली वेट्टी आणि कन्नडमधली बिट्टी ही तिची भावंडे. आमच्या उदगीर-देगलूरकडच्या बाजारात या तिन्ही भाषा कानी पडतात. कन्नडात बिट्टी म्हणजे आता नुसते फुकट, आणि मराठीत वेठ मारणे म्हणजे काम कसेबसे उरकणे. फारसीतला 'बेगार' येऊन वेठीला चिकटला आणि वेठबिगार झाला. सुट्या बिगाऱ्याला मात्र गवंड्याच्या हाताखाली रोजगार मिळाला. असो.

वेठीमागे सत्ता असे. कर्जापायी बांधल्या गेलेल्या माणसाला निजामाच्या राज्यात 'भागेला' म्हणत. नांदेड-लातूर त्याच राज्यातले. या भागेला करारांना आवर घालण्यासाठी निजाम सरकारने १९३६ साली नियमही केला होता. पुढे १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. त्यात अशा पद्धतींची देशभरातली तीसएक नावे दिली आहेत. भागेला आहे, वेट्टी आहे. आमचा सालगडी नाही, उचल नाही. यादी नमुन्यादाखल आहे, नाव नाही म्हणून कोणी सुटत नाही, हे खरे. पण साहेबाने गावात येऊन "वेठबिगार आहेत का?" असे विचारले, तर गाव प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल.

सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला सुटतो. मध्ये पोरीचे लग्न निघाले, दुखणे आले, तर अंगावर बाकी निघते आणि माणूस त्याच वाड्यावर पुन्हा 'सालाने राहतो'. राहतो म्हणजे राबतो! सर्वांचेच असे होते असे नाही. अलीकडे गडी मिळेना म्हणून मालकच मिनतवाऱ्या करताना दिसतात.

उचलीचे तसे नाही. हा अंक हाती पडेल त्या सुमारास मुखेड, कंधार, जळकोटकडच्या तांड्या-वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघत असतील. मुकादमाने हंगामाआधी दिलेली रक्कम ती उचल. शब्दाची लबाडी बघा: देणाऱ्याने दिली असे नव्हे, घेणाऱ्याने उचलली! तोडीत फिटली नाही तर ती अंगावर राहते, आणि पुढच्या हंगामाला अंगासकट जावे लागते. कायद्याची व्याख्या तरी दुसरे काय सांगते? आगाऊ रक्कम घ्यायची, आणि तिच्यापायी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमवायचे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करवून घेतलेले कामही सक्तीचेच ठरविले. पोटाची नड हीसुद्धा सक्तीच, असे मानले.

मागे एकदा वर्गात लक्षणा शिकवीत होतो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, ते उदाहरण दिले. मुखेडकडची एक मुलगी उभी राहिली.

"सर, कोयता म्हंजी माय आन् बाप. उचल बापाच्या नावावर, मोळ्या मायच्या डोक्यावर."

"मग यंदा कुठे जाणार?" मी विचारले.

"दुसरा मुकादम भाव जास्त देतो म्हणला. पण पहिल्याची बाकी हाय ना, सर. त्याच्याकडंच."

परीक्षेत लक्षणेच्या प्रश्नाला तिने कोयताच लिहिला. मी पूर्ण गुण दिले.