विद्युत् घटमालेचे भारण व संनिरीक्षण

विद्युत् घटमालेचे भारण व संनिरीक्षण : एकसरीत जोडलेल्या संचायक घटांना बाहेरून विद्युत् ऊर्जा पुरवून पुन्हा कार्यक्षम करणे म्हणजे भारण (व्यवहारातील ‘चार्जिंग’) आणि त्या वेळी प्रत्येक घटाचा विद्युत् दाब व तापमान यांवर लक्ष ठेवणे म्हणजे संनिरीक्षण होय. एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. मात्र सर्व घट तंतोतंत सारखे कधीच नसतात. त्यामुळे मालेची सुरक्षितता तिच्यातील सर्वांत दुबळा घट ठरवितो.

शिसे-अम्ल घटमाला : हा संचायक गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. वीजघरे व उपकेंद्रे यांत तो अद्याप वापरात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात कोयना प्रकल्पाचे पोफळी येथील वीजघर आणि वाहिन्यांवरील उपकेंद्रे अशांसारख्या ठिकाणी मंडलखंडक व संरक्षक अभिचालित्रे एकदिश प्रवाहावर चालतात. मुख्य पुरवठा गेला असताही दोषयुक्त वाहिनी तोडता यावी, म्हणून हा प्रवाह घटमालेतून घेतात. घटमाला त्या क्षणी निकामी ठरली, तर रोहित्र जळेपर्यंत दोष तसाच राहू शकतो.

११० व्होल्टच्या मालेत साधारणपणे ५५ घट असतात व प्रत्येकावर सुमारे २.२० व्होल्ट दाब ठेवून ती सतत भारित राखतात. म्हणजे एकूण १२१ व्होल्ट. आता एक घट बिघडून १.६६ व्होल्टपर्यंत खचला, तर उरलेल्या ५४ घटांवर प्रत्येकी २.२१ व्होल्ट येतात आणि बेरीज पुन्हा १२१ च भरते. फलकावरील व्होल्टमापकाला या बिघाडाचा पत्ताच लागत नाही. यासाठी काही निवडक घटांची नोंद वरचेवर आणि सर्व घटांची ठराविक काळाने घेतात. विद्युत् विच्छेद्याचे विशिष्ट गुरुत्व २७° से. तापमानास सुमारे १.२०० असावे लागते. एखाद्या घटातच ते सतत उतरत असेल, तर तो घट संशयास्पद समजावा. मागे पडलेले घट बरोबरीस आणण्यासाठी मालेला काही तास थोड्या अधिक दाबाने समकारी भारण देतात. त्या वेळी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत तो सुमारे ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तो हलका असल्याने खोलीतील वायुवीजन छताजवळ हवे.

कोकणात दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात. खाऱ्या, दमट हवेने जोडाग्रे गंजतात, रोध वाढतो व जोड तापतो. म्हणून जोड पुसून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा थर देतात. दुसरे, घटात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. किनाऱ्याजवळच्या विहिरींच्या पाण्यातील क्लोराइडाने धन पट्टिका झिजतात, तर लोहाच्या अंशाने घट आपोआप रिता होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा प्रसंगी रित्या स्थितीत पडून राहिलेल्या घटांच्या पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात. मंद प्रवाहाने भारण केल्यास काही घट सावरतात, काही सावरत नाहीत. ते घटवार मापनानेच कळते. मच्छीमार नौकांवर १२ व्होल्टच्या दोन घटमाला जोडून पुष्कळदा २४ व्होल्ट मिळवितात. त्यांपैकी एकच बदलून जुनी तशीच ठेवण्याची काटकसर प्रस्तुत लेखकाच्या मते महागात पडते, कारण जुनी लवकर भरते व नवी अर्धीच राहते.

लिथियम-आयन घटमाला : हे घट १९९१ मध्ये बाजारात आले. शिसे-अम्ल घटात जादा भारणाची ऊर्जा पाण्याच्या विघटनात खर्च होते आणि मागे राहिलेल्या घटांना बरोबरी साधण्यास अवधी मिळतो. लिथियम घटात असा सुटकेचा मार्ग नाही. १३ घटांची माला ५४.६ व्होल्टपर्यंत, म्हणजे प्रत्येकी ४.२ व्होल्टपर्यंत भारित करतात. बारा घट ४.१७५ व्होल्टवर असताना कमी धारकतेचा तेरावा घट ४.५ व्होल्टवर गेला, तरी एकूण दाब ५४.६ च दिसेल. तेराव्या घटात मात्र ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचू लागते, अंतर्गत मंडलसंक्षेप होतो आणि उष्णतेने विक्रिया अधिकाधिक वेगवान होत जाऊन घट पेटतो. त्यातून निघणारी उष्णता शेजारच्या घटांनाही पेटविते.

म्हणून अशा मालेत प्रत्येक घटाचा दाब मोजणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक मंडल (बीएमएस) अनिवार्य असते. ते भरलेल्या घटाचा जादा भार रोधकातून वाहून नेते व कोणताही एक घट मर्यादेबाहेर जाताच भारण तोडते. ०° से. खाली व सुमारे ४५° से. वर भारण करू नये. कोकणात थंडीचा प्रश्न येत नाही. उन्हात तापलेले वाहन लगेच भारणास लावणे हाच येथील खरा धोका आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात भारणास लावलेल्या विद्युत् स्कूटरच्या घटमालेचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. त्या वर्षी देशात अशा अनेक आगी लागल्यावर केंद्र शासनाने दुचाकींच्या घटमालांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. नवे नियम १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. माला फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली असल्यास ती भारित करू नये. एरवीही भारण दाराच्या वाटेत किंवा झोपण्याच्या खोलीत न करता मोकळ्या जागी, मालेबरोबर आलेल्या भारकानेच व कोणी जागे असताना करावे.