यॉर्कटाउन ते मेलुकोटे, व्हाया पाचगणी

सकाळी सहा. ऑक्टोबर लागला की पहिली पाळी सिलिका जेलच्या पुड्यांची. पाचगणीच्या पावसात शिशाचे सैनिक सांभाळायचे म्हणजे लाकडापासून सावध राहावं लागतं. प्लायवूडमधून आम्लाची सूक्ष्म वाफ निघते, दमट हवेत ती शिशाला खाते आणि शिपायाच्या पायाशी पांढरी पूड जमू लागते. म्हणून माझं कपाट लोखंड आणि काचेचं. पावसाळ्यात गुलाबी पडलेले खडे तापवले की पुन्हा निळे होतात. त्यासाठी तवा वेगळा. स्वयंपाकघरातला तवा मागायची सोय नाही.

आठ. धूळ. टेबललँडचा जांभा वाऱ्यावर घरात येतो आणि इंग्रजांच्या पांढऱ्या विजारी तांबूस करतो. रंगाचा मऊ ब्रश फिरवत वरच्या फळीपासून खाली यायचं.

माझ्या फळ्या देशांप्रमाणे लावलेल्या नाहीत, सालांप्रमाणे आहेत. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. १७८१ च्या फळीवर डावीकडे बोरघाट : एप्रिलमध्ये इंग्रजांचा गॉडर्ड खंडाळ्याहून पनवेलकडे मागे हटतोय आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन त्याची पाठ सोडत नाहीत. उजवीकडे अमेरिकेतलं यॉर्कटाउन, १९ ऑक्टोबर. दोन्हीकडे लाल कोटच हरताहेत. नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा इथून पसरणी घाट उतरला की वाईच्या पलीकडे. त्याच नानांनी १७७७ मध्ये सेंट लुबिन या फ्रेंच माणसाला पुण्यात ठेवून घेतलं आणि इंग्रजांची झोप उडवली. अमेरिकेतलं युद्ध आणि आपलं युद्ध वेगवेगळ्या कपाटांत ठेवणं मला तरी जमत नाही.

यॉर्कटाउनच्या देखाव्यात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस नाही. तो कुठाय, असं प्रत्येक जण विचारतो. आजारी असल्याचं सांगून तो शरणागतीला आलाच नाही, तलवार देऊन त्याने हाताखालच्या ओहाराला पाठवलं. ओहारा आधी फ्रेंचांच्या रोशाँबोकडे वळला, त्याने वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं, वॉशिंग्टनने आपल्या दुय्यम सेनानीकडे, लिंकनकडे. पाच सेंटिमीटरच्या बाहुल्यांत ही मानापमानाची टोलवाटोलवी दाखवायला हातांची दिशा अचूक लागते.

दहा. दिवसाचं खरं काम आता. कॉर्नवॉलिस करायचाच आहे, पण दहा वर्षांनंतरचा. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. मे १७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊन त्याला मागे फिरावं लागलं. बैल मेले होते, मोठ्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या, सैन्य उपाशी. मेलुकोट्याजवळ घोडदळ दिसलं तेव्हा आधी शत्रूच वाटला. निघाले हरिपंत आणि परशुरामभाऊ, या खेपेला इंग्रजांचे दोस्त. मराठ्यांच्या छावणीत भरलेला बाजार! धान्य तर होतंच, शाली आणि विलायती चाकूसुद्धा. दर अर्थातच चढे. ज्यांनी गॉडर्डला घाटातून पिटाळलं, त्यांच्याच बाजारात आता इंग्रज शिपाई रांगेत उभा.

बाजारात मिळणारा कॉर्नवॉलिस चाळिशीचा असतो. मला बावन्नचा हवा. एपॉक्सी पुटीने पोट वाढवलं, गालांना भर दिली. एका डोळ्यात किंचित तिरळेपणा : ईटनच्या शाळेत हॉकी खेळताना लागलेला मार. बोर्डिंगच्या पोरांना हा तपशील फार आवडतो.

कपड्यांचं दुखणं निराळंच. अमेरिकन शिपायाचं सोपं. १७७९ च्या हुकुमात लिहूनच ठेवलंय, कोट निळा, कॉलर आणि बाह्यांच्या घड्या न्यू इंग्लंडला पांढऱ्या, पेनसिल्व्हेनियाला तांबड्या. प्रत्यक्षात कापड पुरलं नाही, ही गोष्ट वेगळी. भाऊंचा शिलेदार मात्र स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, स्वतःचे कपडे घेऊन येणार. दोन स्वार सारखे रंगवले की चुकलंच. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे इथे चालत नाहीत, ते शंभर वर्षं आधीचे.

एक. पिठलं-भाकरी. हात दोनदा साबणाने धुऊन. शिसं पोटात गेलेलं परवडत नाही.

अडीच. वाईच्या कुंभाराचा फोन. बेंदराला मातीचे बैल करतात, तसे पण इवलेसे मागितले होते.

"सर, एवढ्या बारक्याला शिंगं कशी टिकणार? भाजताना मोडत्यात."

"शिंगं मी तारेची लावतो, तू धड दे."

"मग वशिंड तरी तुमच्या मापाचं सांगा."

माप सांगितलं : माणूस चोपन्न मिलिमीटर, तर बैल खांद्यापाशी पंचेचाळीसच्या आसपास. मेलुकोट्याच्या देखाव्यात धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्याला खूप बैल लागतात. शिशाचे मागवायचे तर जकातीसकट पेन्शन संपेल.

पाच. शाळेतली मुलं. एक मुलगी बराच वेळ १७८१ च्या फळीसमोर उभी राहिली.

"सर, म्हणजे अमेरिकेला स्वातंत्र्य आपल्यामुळे मिळालं?"

नाही गं, एवढी उडी नको. इंग्रजांना एकाच वेळी कुठेकुठे पैसा आणि माणसं पुरवावी लागत होती ते बघ. यॉर्कटाउननंतर सात महिन्यांत, १७ मे १७८२ ला, त्यांनी आपल्याशी सालबाईचा तह केला. एवढंच खात्रीने सांगता येतं.

"मग कॉर्नवॉलिसला परशुरामभाऊ कोण ते माहीत होतं?"

मेलुकोट्याला तरी कळलंच असेल, मी म्हटलं. ती हसली. मग तासगावचं गणपतीचं देऊळ याच भाऊंचं, हे सांगितल्यावर सांगलीकडचा एक मुलगा एकदम पुढे सरसावला आणि बाकीच्यांना तोच माहिती देऊ लागला. मी स्टुलावर बसून घेतलं.

रात्री साडेआठ. तांब्याच्या तारेची शिंगं कापतोय. खिलारीची लांब, मागे वळलेली. म्हैसूरकडच्या बैलांचीही साधारण तशीच, म्हणजे एकच साचा पुरेल.