फ्रोझन स्ट्रॉबेरीचा धंदा करायचाय? आधी पाकिटातला बर्फ वाचायला शिका

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला: "सर, डीप फ्रीजर घेतला की फ्रोझन स्ट्रॉबेरी सुरू करता येईल ना?" येईल. पण फ्रीजर हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग वेगळाच आहे, आणि तो मी पैसे घालवून शिकलो.

नागपूर तर संत्र्याचं गाव, मग इथे स्ट्रॉबेरी कशाला? ज्यूस सेंटर, केकवाले, आइस्क्रीम पार्लर, सगळ्यांना ती बारा महिने लागते. ताजी मात्र डिसेंबर ते मार्च-एप्रिल एवढीच मिळते. आपल्या देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाई या साताऱ्याच्या पट्ट्यातून येते. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला 2010 साली जीआय मानांकन मिळालं. म्हणजे कन्हानमध्ये मिल्कशेकची खरी मागणी मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे गेल्यावर, आणि तेव्हा शेतात फळच नाही. ही फट म्हणजे आपला धंदा. पण माल आठशे किलोमीटरच्या वर प्रवास करून येणार, तोही विदर्भाच्या उन्हातून.

आधी गोठवणं म्हणजे काय ते समजून घ्या. स्ट्रॉबेरीत साधारण 90 टक्के पाणी असतं. घरच्या फ्रीजरमध्ये ताजं फळ टाकलं तर ते हळूहळू गोठतं, बर्फाचे मोठे खडे तयार होतात आणि ते फळाच्या पेशी आतून फाडतात. वितळल्यावर हातात लगदा येतो. कारखान्यात आयक्यूएफ पद्धत असते. देठ काढून, निवडून, क्लोरीनच्या पाण्यात धुऊन, पाणी निथळून फळ पट्ट्यावर जातं आणि त्याच्यावर उणे 35 च्या आसपासची हवा जोरात सोडतात. काही मिनिटांत एकेक फळ सुटं गोठतं. फळाचा गाभा उणे 18 ला आला की पॅकिंग. तिथून पुढे कोल्ड स्टोरेज, रीफर गाडी, डीलर, तुमचा फ्रीजर, सगळीकडे उणे 18 किंवा त्याखाली. यालाच कोल्ड चेन म्हणतात. त्यातली एक कडी तुटली की माल संपला.

माझं सांगतो. पहिल्या वर्षी मी एका ट्रान्सपोर्टमार्फत 40 किलो माल मागवला. बॉक्स थंडगार, हाताला गोठलेले. खूश होऊन फ्रीजरमध्ये ठेवले. दोन दिवसांनी ज्यूसवाला पाकीट घेऊन परत आला. "भाऊ, हे तर दगड आहे, फोडू कसं?" उघडून पाहिलं तर सगळी फळं चिकटून एकच ढेकूळ, आणि तळाला लाल रंगाचा बर्फ. माल वाटेत वितळला होता आणि परत गोठवून माझ्या दारात आणला होता. पावतीवर मी "माल बरोबर मिळाला" अशी सही केलेली. भांडणार कोणाशी?

म्हणून आता माल उतरवताना मी तीन गोष्टी करतो. पाकीट हलवतो: फळं खडखड वाजली पाहिजेत. तळाला लाल बर्फ आहे का बघतो. असेल तर रस गळून परत गोठलाय. आणि दोन पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर ठेवून आकडा पावतीवरच लिहितो, ड्रायव्हरच्या समोर. सही त्यानंतर. ड्रायव्हर घाई करतो. करू द्या.

एक वजनाची चाचणीही घ्या. 1 किलो माल गाळणीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या आणि गळलेलं पाणी मोजा. थोडं पाणी प्रत्येक फ्रोझन स्ट्रॉबेरीचं गळतंच. पण समजा 200 रुपये किलोच्या मालातून 150 ग्रॅम गळलं, तर तुम्ही 850 ग्रॅम फळाचे 200 दिले, म्हणजे खरा भाव 235 पडला. स्वस्त माल इथेच महाग होतो.

आता जे जीवाशी येतं ते. बरेच जण समजतात, गोठलं म्हणजे जंतू मेले. नाही हो! थंडीत बॅक्टेरिया वाढायचे थांबतात, पण सगळे मरत नाहीत. आणि नोरोव्हायरस, हिपॅटायटिस ए यांसारखे व्हायरस फ्रीजरमध्ये महिनोन् महिने आरामात टिकतात. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनीत जवळपास 11 हजार लोक उलट्या-जुलाबाने आजारी पडले. त्यात बहुतेक शाळेत आणि पाळणाघरात जेवणारी मुलं होती. तपास करता करता धागा पोचला चीनमधून आलेल्या फ्रोझन स्ट्रॉबेरीच्या एकाच लॉटपर्यंत. जर्मनीत कोल्ड चेनची काय कमी? पण घाण पाणी किंवा आजारी कामगाराचा हात फळाला आधीच लागला असेल तर उणे 18 काही करू शकत नाही. सडलेलं फळ वासावरून कळतं, व्हायरस कळत नाही.

आणि आपला गिऱ्हाईक स्ट्रॉबेरी वापरतो कशात? मिल्कशेकमध्ये, लस्सीत, केकवर. म्हणजे कच्ची. पिणारं पोर कोणाचंही असू शकतं. त्यामुळे पुरवठादाराला भाव विचारायच्या आधी विचारा: धुवायचं पाणी कुठलं, त्याची तपासणी होते का, या लॉटचा लॅब रिपोर्ट आहे का, कामगारांना हात धुवायची आणि संडासची सोय आहे का. हा प्रश्न विचारायला लाज वाटते, मला पण वाटली होती. नीट उत्तर न देणाऱ्याकडून मी माल घेत नाही.

ज्यांना स्वतः बनवायचंच आहे त्यांना माझा सल्ला: घरच्या फ्रीजरवर अख्खी फळं गोठवायच्या भानगडीत पडू नका. हंगामात स्वस्तात मिळणारी बारीक फळं घ्या, नीट धुवा, गर करून खळखळून उकळा, पटकन थंड करा आणि मग गोठवा. उकळल्यामुळे व्हायरसचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो, आणि गराला आकार नसल्यामुळे हळू गोठलं तरी फारसं बिघडत नाही. ज्यूसवाले तोच मागतात.

मोठं पाकीट फोडून अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं करणार असाल तर ते रीपॅकिंग झालं. एफएसएसएआयच्या अर्जात तो प्रकार वेगळा असतो, तो भरा. काम छोट्या छोट्या घाण्यांत, पंधरा-वीस मिनिटांत आटपा, बाकीचा माल फ्रीजरमध्येच. प्रत्येक नव्या पाकिटावर मूळ लॉट नंबर आलाच पाहिजे, आणि कोणता लॉट कोणत्या दुकानात गेला ते वहीत. उद्या एका लॉटची तक्रार आली तर तेवढाच परत बोलवता येतो. वही नसेल तर सगळाच माल फेकावा लागतो, आणि कोणाकोणाला फोन करायचा तेही कळत नाही.

राहिली लाइट. भरलेला, बंद ठेवलेला फ्रीजर दोन दिवस थंडी धरतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक कन्हानच्या मे महिन्यात लिहिलेलं नाही. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर उचलत नाही, तेव्हा जनरेटर कोणाकडून भाड्याने मिळेल ते आधीच ठरवून ठेवा, आणि लाइट गेली की झाकण उघडू नका. रात्री तुम्ही झोपेत असताना काय झालं ते कळायला एक फुकटची युक्ती आहे. वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. सकाळी नाणं वर असेल तर ठीक. नाणं बर्फात रुतलं किंवा तळाला गेलं असेल तर रात्री फ्रीजर वितळून परत गोठला. मग तो माल विकायला काढायचा नाही, पाकीट बाहेरून कितीही कडक लागू दे.

माझ्या फ्रीजरमध्ये ती वाटी डाव्या कोपऱ्यात असते. दुकान उघडलं की शटरनंतर पहिलं काम तेच.