वाइंडिंगमधल्या तीन वायरी

मोठ्या मोटरला मुख्य टर्मिनल बॉक्सशेजारी बहुतेक वेळा एक छोटा बॉक्स असतो. तो एकदा उघडून बघाच! दोन लाल आणि एक पांढरी, असे वायरींचे संच दिसले, तर ते तापमान मोजणारे पीटी-१०० सेन्सर समजा, थेट स्टेटरच्या स्लॉटमध्ये कॉइलच्या मधोमध बसवलेले.

त्यांचा रेझिस्टन्स ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५. म्हणजे एका अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम. केबलचाच रेझिस्टन्स १ ओहम भरला, तर रीडिंग अडीच अंशांनी चढं दाखवणार. तिसरी वायर असते ती यासाठीच. तिच्यामुळे मीटरला केबलचा रेझिस्टन्स कळतो आणि तो वजा होतो. मात्र तिन्ही वायरी एकाच जाडीच्या आणि लांबीच्या हव्यात.

जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. दोन लालमध्ये शून्याच्या आसपास, लाल-पांढऱ्यात ३० अंशाला साधारण १११.७ ओहम यायला हवेत. पुढे शील्डेड केबल वापरा, शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करा. व्हीएफडी असेल तर ही केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून अजिबात नेऊ नका, रीडिंग नाचत राहतं.

लहान मोटरमध्ये बहुधा पीटीसी थर्मिस्टर असतात, तीन फेजचे तीन, सिरीजमध्ये. ते तापमान सांगत नाहीत. ठरलेल्या अंशाला रेझिस्टन्स एकदम उसळतो आणि रिले ट्रिप होतो.

आणि हे कळकळीने सांगतो: सेन्सरच्या दोन टोकांमध्ये मेगर कधीही लावू नका. वाइंडिंग मेगर करताना सेन्सरच्या सगळ्या वायरी एकत्र करून अर्थला जोडा.