जागा बदल, मग खेळ

मार्लिन ब्रिस्को १९६८ साली अमेरिकन फुटबॉलच्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाशी करार करताना एका अटीवर अडून बसला. ओमाहाच्या विद्यापीठात तो क्वार्टरबॅक होता, पण डेन्व्हरने ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, चौदाव्या फेरीत त्याला उचललं ते बचावपटू म्हणून. बचावात खेळतो, पण आधी तीन दिवस क्वार्टरबॅक म्हणून माझी चाचणी घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. संघाचं यात काही जात नव्हतं. चाचणी झाली आणि त्याला बचावात पाठवण्यात आलं. पुढे हंगाम सुरू झाला, मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, बदलीच्या खेळाडूचं काही जमेना आणि प्रशिक्षक लू सेबन यांना ती तीन दिवसांची चाचणी आठवली. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी सिनसिनाटीविरुद्ध ब्रिस्को पहिल्या चेंडूपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्या हंगामात त्याने १४ टचडाउन पास, म्हणजे थेट गोलरेषेपलीकडे गुण मिळवून देणारे पास, फेकले. डेन्व्हरच्या नवख्या खेळाडूचा हा विक्रम पन्नासहून अधिक वर्षं टिकला.

पुढच्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या क्वार्टरबॅकांच्या बैठका सुरू झाल्या. ब्रिस्कोला त्यांचं बोलावणंच नव्हतं. तू काळा आहेस म्हणून नको, असं कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. तो बफेलोला गेला, तिथे चेंडू झेलणारा रिसीव्हर झाला आणि १९७० मध्ये त्याने झेल घेऊन हजारहून अधिक यार्ड मिळवले. पुढे १९७२ चा मायामीचा एकही सामना न हरलेला संघ गाजला, त्यातही तो होता. क्वार्टरबॅक म्हणून मात्र त्याला त्या एका वर्षापलीकडे संधी मिळाली नाही. ती संधी संपली तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम तेवीस.

इथे खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की वेगळाच खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा-अकरा खेळाडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाची आखणी आधीच ठरलेली असते. मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅकच्या हातात पडतो आणि मग दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकायचा कोणाकडे, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतःच पळायचं. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. खेळी सांगतो तो, समोरच्यांचा डाव ओळखून ऐनवेळी ती बदलतोही तोच. बाकीचे दहा जण त्याचं ऐकतात.

नेमकं इथेच घोडं अडत होतं. काळा खेळाडू वेगवान असतो, दांडगा असतो, उंच उडी मारतो, हे गोऱ्या प्रशिक्षकांना मान्य होतं. तो विचार करतो आणि दहा जणांना, त्यात गोऱ्यांनाही, हुकूम देऊ शकतो, हे मान्य नव्हतं. शेतात राबायला माणूस हवा, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नको, अशातली ही गत. १९७० साली जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेल्व्होग या अभ्यासकांनी बेसबॉल आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत कोण कुठे उभा राहतो ते मोजलं. खेळाच्या मध्यभागी, जिथे समन्वय आणि निर्णय असतात त्या जागी, काळे खेळाडू फारच कमी आढळले. कडेच्या, धावपळीच्या जागांवर त्यांची गर्दी होती.

सुरुवातीला चित्र इतकं बंदिस्त नव्हतं, ही या इतिहासातली चमत्कारिक गोष्ट. अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग नुकतीच जन्मली होती तेव्हा, १९२० मध्ये, फ्रिट्झ पोलार्ड हा काळा खेळाडू अॅक्रनच्या विजेत्या संघाचा तारा होता. पुढच्याच वर्षी तो त्या संघाचा प्रशिक्षकही झाला आणि १९२३ मध्ये हॅमंडसाठी क्वार्टरबॅकच्या जागी खेळला. मग दार लागलं. १९३३ नंतर बारा हंगाम लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, मालकांमधली ती मूक समजूत होती. १९४६ मध्ये ती मोडली त्यालाही मालकांची सद्बुद्धी कारण नव्हती. रॅम्स संघाला लॉस एंजेलिसचं कोलिसियम मैदान हवं होतं, ते सार्वजनिक पैशांतून उभं राहिलेलं, आणि काळ्या पत्रकारांनी तो मुद्दा लावून धरला. त्यातून केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना संघात घ्यावं लागलं.

खेळाडू आले, पण ती एक जागा राखीवच राहिली. १८ ऑक्टोबर १९५३ रोजी शिकागो बेअर्सने विली थ्रोअर नावाच्या तरुणाला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध काही वेळ क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. आठ पास फेकले, तीन पोहोचले, २७ यार्ड मिळाले. संघ गोलरेषेच्या जवळ येताच त्याला बाहेर बोलावून नेहमीच्या जॉर्ज ब्लँडाला आत पाठवलं. आडनावाचाच अर्थ ‘फेकणारा’ असलेल्या या माणसाला लीगमध्ये पुन्हा फेकायची संधी फारशी मिळाली नाही.

मग हे सगळे क्वार्टरबॅक गेले कुठे? बरेचसे कॅनडात. माझ्या मते या इतिहासाचं सर्वांत बोलकं प्रकरण हेच, आणि अमेरिकेतल्या गौरवगाथांमध्ये ते घाईने उरकलं जातं. बर्नी कस्टिस १९५१ मध्ये क्लीव्हलँडने निवडलेला क्वार्टरबॅक. त्याला बचावात जायला सांगितलं, तेव्हा तो हॅमिल्टनला गेला आणि तिथे क्वार्टरबॅक म्हणून खेळला. चक इली टोलेडो विद्यापीठात सुरुवातीपासून उतरलेल्या ३५ सामन्यांत एकदाही हरला नव्हता. ३५ पैकी ३५! १९७२ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तोही हॅमिल्टनला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने ग्रे कप, म्हणजे कॅनडाचं अजिंक्यपद, जिंकून दिलं. टेनेसी विद्यापीठाचा कॉन्ड्रेज हॉलोवे १९७५ मध्ये निवडला गेला, पण बचावपटू म्हणून. त्याने ओटावाची वाट धरली. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी दक्षिणेतले गुलाम लपतछपत उत्तरेला कॅनडाच्या हद्दीत पोहोचत, हे आठवल्याशिवाय राहत नाही.

या वाटेवरचा सर्वांत मोठा प्रवासी वॉरन मून. जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोल या विद्यापीठांच्या मानाच्या सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाने मिशिगनला हरवलं, त्या सामन्याचा मानकरी मून होता. तरी कोणते संघ आपल्याला कोणत्या जागेसाठी विचारणार, हे त्याने ओळखलं आणि ड्राफ्ट व्हायच्या आधीच एडमंटनशी करार केला. ड्राफ्टच्या बाराही फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. १९७८ ते १९८२ एडमंटनने लागोपाठ पाच ग्रे कप जिंकले. १९८४ मध्ये तो परत आला तेव्हा त्याला घेण्यासाठी अमेरिकी संघांची चढाओढ लागली होती. ह्यूस्टनने त्याला घेतलं. २००६ मध्ये तो आधुनिक काळातला पहिला काळा क्वार्टरबॅक म्हणून फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण देशात परत यायला त्याला सहा वर्षं लागली.

जे अमेरिकेतच थांबले त्यांना एका चुकीचीही मुभा नव्हती. लुईझियानातल्या ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिसला व्यावसायिक क्वार्टरबॅक व्हायचंच म्हणून घडवलं. हॅरिसने जागा बदलायला नकार दिला आणि १९६९ च्या ड्राफ्टमध्ये तो आठव्या फेरीपर्यंत घसरला. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सला त्याने बाद फेरीत नेलं. त्याच वर्षी पिट्सबर्गसाठी जो गिलियमने पहिले सहा सामने खेळले. चार विजय, एक पराभव, एक बरोबरी. एवढ्यावर त्याला खाली बसवलं आणि टेरी ब्रॅडशॉला आणलं. ब्रॅडशॉने पुढे चार अजिंक्यपदं जिंकली, हे खरं. पण त्याच्या आधीच्या चार हंगामांतल्या ढीगभर चुका संघाने पोटात घातल्या होत्या, हेही तितकंच खरं. गिलियम व्यसनात बुडाला, काही काळ रस्त्यावर राहिला आणि २००० सालच्या नाताळच्या दिवशी, वयाची पन्नाशी गाठण्याआधी, गेला.

ग्रॅम्बलिंगचाच डग विल्यम्स १९७८ मध्ये पहिल्या फेरीत टँपा बे संघाकडे गेला. जन्मल्यापासून लागोपाठ २६ सामने हरलेला संघ हा. विल्यम्सने त्याला पाच वर्षांत तीनदा बाद फेरीत पोहोचवलं. पगार मात्र १ लाख २० हजार डॉलर, म्हणजे इतर कित्येक संघांच्या राखीव क्वार्टरबॅकपेक्षाही कमी. वाढ मागितली तेव्हा मालक ह्यू कल्व्हरहाउस पुरेसे पैसे द्यायला तयार झाले नाहीत. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, विल्यम्सची पत्नी मेंदूतल्या गाठीने वारली. तान्ह्या मुलीला घेऊन तो घरी परतला, पुढे दुसऱ्याच एका लीगमध्ये खेळला. टँपाला त्याच्यानंतर लागोपाठ १४ हंगाम जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त वाट्याला आलं. कंजूषपणाची इतकी रोखठोक किंमत क्वचितच कोणी मोजली असेल.

विल्यम्सला परत आणलं वॉशिंग्टनच्या संघाने, तेही राखीव म्हणून. याच संघाचा जुना मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल काळ्या खेळाडूंना घ्यायला शेवटपर्यंत नकार देत होता. संघाचं मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं आणि केनेडी सरकारने तंबी दिली, तेव्हा कुठे १९६२ मध्ये तो नमला. ३१ जानेवारी १९८८ रोजी त्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून विल्यम्स सॅन डिएगोत डेन्व्हरविरुद्ध सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, उतरला. त्याच्या पंधरा दिवस आधी, काळे खेळाडू गुलामीच्या काळात मालकांनी जोड्या लावून पैदा केल्यामुळे दांडगे झाले, असं बोलल्याबद्दल सीबीएस वाहिनीने आपल्या जिमी स्नायडर या भाष्यकाराला काढलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी विल्यम्सने दाताचं रूट कॅनॉल करून घेतलेलं. पहिल्या सत्रात डेन्व्हर १०-० ने पुढे, विल्यम्सचा गुडघा मुरगळलेला. दुसऱ्या सत्राच्या पंधरा मिनिटांत वॉशिंग्टनने ३५ गुण केले, त्यातले चार टचडाउन पास विल्यम्सचे. अखेर ४२-१०, सामन्याचा मानकरी तोच.

यापुढचा काळ भराभर सांगितला तरी चालेल. २००१ मध्ये मायकेल व्हिक ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, क्वार्टरबॅक म्हणून. स्टीव्ह मॅकनेअर, कॅम न्यूटन, पॅट्रिक महोम्स हे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे होते, महोम्स आणि जेलन हर्ट्स.

हे सगळं पाहून प्रश्न मिटला असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. २०१८ मध्ये लमार जॅक्सनने जागा बदलून रिसीव्हर व्हावं, असा सल्ला बिल पोलियन यांच्यासारख्या नामवंत माजी व्यवस्थापकाने जाहीरपणे दिला होता. म्हणजे ब्रिस्कोला पन्नास वर्षांपूर्वी जे सुनावलं तेच. जॅक्सनने ऐकलं नाही. पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी, ३२ वा निवडला गेला आणि दुसऱ्याच वर्षी सगळ्या मतांनी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियन यांनी मग चूक कबूल केली.

त्याहून धक्कादायक प्रकार मैदानाबाहेरचा. डोक्याला मार बसून मेंदू बाधित झालेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना, काळ्या खेळाडूची मूळ बौद्धिक पातळीच गोऱ्यापेक्षा कमी असणार असं धरून हिशेब मांडला जाई. साहजिकच त्याची झीज कमी दिसे आणि भरपाई नाकारली जाई. दोन माजी खेळाडू कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये लीगला ही पद्धत सोडण्याचं कबूल करावं लागलं. काळा माणूस विचार करू शकत नाही, हा जुना समज इथे थेट वैद्यकीय तक्त्यात बसला होता.

म्हणून महोम्स किंवा जॅक्सनच्या करंडकांवरून मी मोजमाप करणार नाही. असामान्य माणसाला अखेर जागा द्यावीच लागते, मूनलाही दिली. खरी कसोटी सामान्य क्वार्टरबॅकची. चार सामने हरला तरी संघात राहणारा, दहा वर्षं बाकावर वही घेऊन बसणारा, डाव शिकणारा राखीव खेळाडू गोऱ्यांत नेहमीच होता. त्यातले फ्रँक राइक, डग पीडरसन, जेसन गॅरेट पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. काळ्या क्वार्टरबॅकला एकतर तारा व्हायचं, नाहीतर घरी जायचं, एवढेच दोन पर्याय असत. त्यामुळे ही शिडीच त्याच्या वाट्याला आली नाही. पोलार्डनंतरचा पहिला काळा मुख्य प्रशिक्षक लीगला मिळाला थेट १९८९ मध्ये, आर्ट शेल, आणि तोही क्वार्टरबॅक नव्हता. लीगच्या ३२ संघांपैकी एकाचाही मुख्य मालक आजवर कृष्णवर्णीय झालेला नाही.