दुसरा जोड

खर्ड्यात पाहुणा आला की त्याला आधी किल्ला दाखवतात, मग ११ मार्च १७९५ची लढाई ऐकवतात. निजामाची फौज कशी कोंडीत सापडली, मराठे सरदार शेवटचे एकत्र कसे लढले, हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं. या किल्ल्यावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. मात्र जामखेड तालुक्याच्या या टोकाला, बालाघाटाच्या माळावर ज्या पिढ्या शिकल्या, त्या कुठे राहून आणि अंगात काय घालून शिकल्या, यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही.

पाऊस बेभरवशाचा. दिवाळीच्या आगेमागे घरंच्या घरं कोयता घेऊन उसतोडीला निघतात. शिकायचं तर बोर्डिंग, नाहीतर आजीच्या घरी. अशा बोर्डिंगात शिकलेल्या माणसाला गणवेशाचा रंग विचारला, तर तो ‘पांढरा सदरा, खाकी चड्डी’ एवढं सांगून थांबतो. जोड किती होते, असं विचारलं की मात्र तो बोलू लागतो. कारण बहुतेकांकडे एकच होता.

संस्थांचा इतिहास छापील आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. १९२७मध्ये महात्मा गांधींनी त्या बोर्डिंगाला भेट दिली. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊराव स्वतः खादी वापरत, आणि संस्थेचं ब्रीद स्वावलंबनाचं. बोर्डिंगात त्या शब्दाचा रोजचा अर्थ असा, की ज्याने त्याने आपलं ताट घासायचं आणि आपला सदरा धुवायचा.

तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात संगमनेरच्या वसतिगृहातले दिवस येतात. मराठी आत्मकथनांत वसतिगृह आलं की भाकरी आणि भूक यांना जागा अधिक मिळते. कपड्यांच्या गोष्टी माजी विद्यार्थी एकत्र जमले की निघतात, आणि त्या हसत हसत सांगितल्या जातात.

त्यातली ठरलेली गोष्ट रविवारची. रविवार म्हणजे धुण्याचा दिवस. सदरा-चड्डी काढायची, कमरेला पंचा गुंडाळायचा आणि विहिरीचा नाहीतर ओढ्याचा रस्ता धरायचा. धुण्याचा सोडा, बार साबणाचा तुकडा, शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ. कपडे कुंपणावर पसरले की ते वाळेपर्यंत कुठे जायची सोय नाही. पंच्यावर पाहुण्यांसमोर कसं जाणार? घरून कुणी भेटायला आलं तर निरोप जायचा, थांबा, सदरा ओला आहे. पावसाळ्यात तर सोमवारी ओलाच सदरा अंगात चढायचा. इस्त्री म्हणजे तांब्यात निखारे घालून फिरवायचे, किंवा घडी घालून रात्रभर अंथरुणाखाली दाबायची.

एकाच कुंपणावर पन्नास पांढरे सदरे वाळत असले की आपला कुठला? त्यावर उपाय बिब्ब्याचा. परटाची जुनी खूण तीच. बिब्ब्याच्या कवचात काळपट चिकट तेल असतं. सुई टोचून ते काडीवर घ्यायचं, कॉलरच्या आतल्या बाजूला नंबर काढायचा, वर चुना लावायचा. हवा लागली की खूण काळीभोर होते आणि कितीही धुतली तरी जात नाही. कापड विरतं, नंबर टिकतो. पण हेच तेल कातडीला लागलं की उततं. मानेवर नंबराच्या जागी पुरळ आलेली मुलं पूर्वी परटांच्या गिऱ्हाइकांत आणि वसतिगृहांत हमखास असत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांनाही परटाच्या या खुणेने असाच त्रास झाला, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिले. म्हणून बऱ्याच ठिकाणी लाल दोऱ्याने नंबर टाचायची पद्धत पडली.

तरी या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात चिवट चीज शिंप्याकडची आहे. माप द्यायला आलेल्या पोराबरोबरचं मोठं माणूस एकच वाक्य बोलतं: “वाढत्या अंगाचं शिवा.” शिंपी मग टेप मानेला अडकवतो आणि मापात बोटं धरतो. पँटच्या पायाला आत दोन-तीन इंचांची दुमड ठेवतो. कमरेला मागच्या शिलाईत जादा कापड सोडतो, बाहीला आत पट्टी ठेवतो. पहिल्या वर्षी पोर कपड्यात हरवलेलं दिसतं. पुढच्या जूनमध्ये दुमड उसवायची, की पाय इंचभर लांब. उसवलेल्या जागी जुन्या घडीची गडद रेघ उमटते, कारण आतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं. अशा रेघा मोजून पँट कितव्या वर्षाची हे ओळखता येतं. तिसऱ्या वर्षी बुडाला ठिगळ पडतं आणि चौथ्या वर्षी ती धाकट्या भावाकडे जाते. मांजरपाट आणि खाकी ड्रिल जाऊन टेरिकॉट आलं तेव्हा बोर्डिंगातल्या पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ते तासाभरात वाळतं, चुरगळत नाही. उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, ही तक्रार नंतरची.

याच महाराष्ट्रात २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. तिथे कवायतीचा पोशाख वेगळा, खेळाचा वेगळा, जेवणाच्या मेसचा वेगळा. तिथल्या आठवणी बुटाच्या पॉलिशच्या आणि पेटी तपासणीच्या. साताऱ्याच्या एकाच गावात दोन्ही प्रकारची मुलं वाढली. एकाला कुठल्या वेळी काय घालायचं हे पाठ करावं लागे, दुसऱ्याला तो प्रश्नच नव्हता.

मुलींच्या आठवणीत हसू कमी. परकर-पोलकं असो, निळा स्कर्ट असो की पुढे आलेला पंजाबी ड्रेस, पाळीच्या दिवसांत एकाच जोडावर भागवणं म्हणजे शाळा बुडवणं. पांढऱ्या सलवारीला नावं ठेवणाऱ्या माजी विद्यार्थिनी आजही भेटतात. ज्याने तो रंग ठरवला त्याला एकदाच ती धुवायला लावायला हवी होती, असं त्या म्हणतात.

सरकारी हिशेबात आता दुसरा जोड आहे. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, दोनाला ६००. ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे यायची आणि गावातल्या शिंप्याला काम मिळायचं. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. २०२४-२५ साठी कापड मध्यवर्ती पद्धतीने खरेदी झालं, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. नेहमीचा गणवेश आकाशी-गडद निळा, आणि दुसरा स्काउट-गाइडचा. स्काउटच्या गणवेशाच्या शिलाईला शंभर रुपये आणि वरखर्चाला दहा ठरले. एवढ्यात काजं-बटणं, दोरा आणि पोराचं माप बसवायचं. ठिकठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचले नाहीत, आणि जिथे पोचले तिथे मापाच्या तक्रारी निघाल्या. डिसेंबर २०२४मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

उशीर शहरातल्या मुलाला गैरसोयीचा होतो. उसतोडीच्या पट्ट्यात त्याचा परिणाम वेगळा असतो. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या सुमाराला पेटतात. मधले चार-साडेचार महिनेच मूल हमखास गावात असतं. त्यानंतर आलेला गणवेश शाळेच्या कपाटात राहतो आणि पोर फडावर. जी मुलं हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्यासाठी दुसऱ्या जोडाची गरज सगळ्यात मोठी, कारण धुऊन द्यायला घरी कुणी नसतं.

शिवाय तीनशे रुपयांत कापड, शिलाई आणि बटणं बसवताना समिती बहुधा तयार कपड्यांकडे वळते. ते स्वस्त पडतात, गठ्ठ्याने मिळतात आणि वेळेत येतात. पण त्यांच्या पायाला दुमड अर्ध्या इंचाची असते आणि शिलाई कडेलाच ओव्हरलॉक केलेली. बारा वर्षांचं पोर वर्षात दोन-अडीच इंच सहज वाढतं. उसवायला आत काहीच नसल्याने फेब्रुवारीपर्यंत पँट घोट्याच्या वर येते, आणि पुढच्या गणवेशाचे पैसे जूनच्या आधी येत नाहीत.